क्रूझवर वाईनचं पॅकेज घ्यायचं का? पैसे भरण्याआधी हा हिशोब एकदा करून बघा

तर झालं असं की, माझ्या मामा-मामीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दोघंही पक्के नागपूरकर. फिरायला जायचं म्हणजे पचमढी, ताडोबा, फार तर फार गोवा. यावेळी मात्र मामानं थेट परदेशातल्या क्रूझचं बुकिंग केलं. चार रात्री, समुद्र दिसणारी खोली, एजंटनं सांगितलेलं 'सगळं इन्क्लुडेड' पॅकेज. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर अभिनंदनाचा पाऊस पडला.

परत आल्यावर मामा फोटो दाखवत होता, पण चेहरा काही खुलला नव्हता. शेवटी मामीनंच विषय काढला. "अगं, तुझ्या मामानं जहाजावर दारूचं पॅकेज घेतलं. माझंसुद्धा! मी चार दिवसांत एक ग्लास वाईन प्यायली."

त्या पॅकेजचं बिल आलं होतं 661 डॉलर. रुपयांत छप्पन हजारांच्या वर.

मामाचं म्हणणं असं की, "मले वाटलं सगळं इन्क्लुडेड आहे म्हणजे पिणंही आलंच. काउंटरवर गेलो तर ती पोरगी म्हणे, एका खोलीतल्या दोघांनीही घ्यावं लागते. आता पंचवीस वर्षांनी बायकोला घेऊन गेलो, तिथं घासाघीस करत बसू का?"

चूक मामाची एकट्याची नाही. क्रूझवर पिण्याची पॅकेजेस कशी चालतात, हे आपल्याकडे कुणी नीट समजावून सांगतच नाही. तिकिटाचा दर सगळे तीन ठिकाणी विचारतात, जेवण शाकाहारी मिळेल का हेही विचारतात. पिण्याबद्दल विचारायला मात्र लाज वाटते, विशेषतः एजंट ओळखीतला असेल तर. आणि नेमका तिथंच खिसा रिकामा होतो.

म्हणून हा विषय सुरुवातीपासून बघू.

आधी हे सांगा, मराठी माणूस क्रूझवर कधीपासून जायला लागला?

मुंबई-गोवा बोट ही आपल्याला नवीन गोष्ट नाही. रस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा कोकणातला चाकरमानी बोटीनंच गावी जायचा. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट पणजीला पोहोचायची. पण तो प्रवास गरजेचा होता, मौजेचा नव्हता.

मौजेच्या क्रूझची आपल्याकडे मोठी चर्चा झाली ती 2018 मध्ये. 20 ऑक्टोबर 2018 ला मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझचं उद्घाटन झालं. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून हे नाव ठेवलेलं. उद्घाटनाला देवेंद्र फडणवीस आणि नितीन गडकरी असे नागपूरचेच दोन नेते होते. त्या कार्यक्रमातला अमृता फडणवीस यांचा जहाजाच्या टोकावरचा सेल्फी तेव्हा सोशल मीडियावर किती फिरला, हे अनेकांना आठवत असेल.

पुढे 2019 मध्ये जलेश क्रूझेसचं 'कर्णिका' जहाज मुंबईतून फिरू लागलं, पण कोरोनात 2020 मध्ये ती कंपनीच बंद पडली. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया क्रूझेस सुरू झाली. तिचं 'एम्प्रेस' जहाज तसं जुनं आहे. 1990 मध्ये ते 'नॉर्डिक एम्प्रेस' नावानं समुद्रात उतरलं होतं आणि नंतर बरीच वर्षं रॉयल कॅरिबियन या कंपनीकडे होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये इटलीच्या कोस्टा कंपनीचं 'कोस्टा सेरेना' हे जहाजही देशांतर्गत फेऱ्यांसाठी मुंबईत आलं.

नागपूरहून मुंबई आता तशी लांब राहिलेली नाही. विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभर झोपून सीएसएमटीला उतरायचं, तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल जवळच आहे. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्ग पूर्ण 701 किलोमीटर सुरू झाल्यापासून गाडीनं जाणारेही वाढलेत. आणि ज्यांना आणखी पुढे जायचंय त्यांच्यासाठी सिंगापूर आहेच. जून 2022 पासून 'गेंटिंग ड्रीम' तिथून सुटतं आणि त्यावर आपली मंडळी भरपूर दिसतात.

'सगळं इन्क्लुडेड' म्हणजे नेमकं काय?

बहुतेक क्रूझच्या तिकिटात खोली, मुख्य जेवणघरातलं आणि बुफेचं जेवण, बरेचसे कार्यक्रम आणि स्विमिंग पूल येतो. पिण्यात साधं पाणी, साधा चहा-कॉफी, फार तर नाश्त्याचं सरबत येतं.

दारू, कोल्ड्रिंक, मॉकटेल, ताजा ज्यूस, बाटलीबंद पाणी, मशीनची चांगली कॉफी हे सगळं बहुतेक वेळा वेगळं असतं. काही महागड्या क्रूझ कंपन्या दारूही तिकिटात धरतात, पण त्यांचं तिकीटच त्या हिशोबानं मोठं असतं. म्हणजे फुकट कुठेच नाही.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढताना तुमचं क्रेडिट कार्ड नोंदवून घेतात आणि हातात खोलीचं कार्ड देतात. बारमध्ये तेच कार्ड दाखवायचं आणि सही करायची. सदरच्या दुकानातून पाचशेची नोट मोडून देताना जसं खर्च झाल्यासारखं वाटतं, तसं इथं वाटत नाही. जे काही वाटायचं ते शेवटच्या रात्री हिशोबाचा कागद आल्यावर वाटतं.

पॅकेजचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने तीन.

पहिला, दिवसाच्या दरानं मिळणारं पेयांचं पॅकेज. यात वाईन, बिअर, व्हिस्की, कॉकटेल, कॉफी असं सगळं येतं. जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं, पण त्यालाही मर्यादा असतात. एका ग्लासच्या किमतीला कमाल मर्यादा असते, त्यावरची दारू घेतली तर फरक भरावा लागतो. काही कंपन्या दिवसाला किती पेयं याचीही मर्यादा घालतात. कार्निव्हल या मोठ्या कंपनीच्या पॅकेजमध्ये 24 तासांत दारूचे 15 ग्लास, एवढी मर्यादा आहे.

दुसरा, फक्त वाईनचं पॅकेज. इथं दिवसाचा दर नसतो, बाटल्यांचा असतो. पाच, सात, दहा, बारा अशा बाटल्या आधी घ्यायच्या. एकेक बाटली घेण्यापेक्षा थोडी स्वस्त पडते. प्रत्येक पॅकेजची वाईनची यादी ठरलेली असते, त्यातूनच निवडावं लागतं. साधी यादी स्वस्त, भारी यादी महाग.

तिसरा, दारू नसलेलं पॅकेज. यात मॉकटेल, ज्यूस, कोल्ड्रिंक, कॉफी, बाटलीबंद पाणी असं येतं. मुलं, न पिणारी माणसं यांच्यासाठी.

मग मामाला दोघांचे पैसे का भरावे लागले?

कारण पहिल्या प्रकारच्या पॅकेजमागचं गणितच तसं आहे. दिवसाच्या दरानं कितीही प्यायची सोय एकानं घेतली आणि त्याच खोलीतल्या दुसऱ्यानं त्याच्याच कार्डावर ग्लास आणले, तर कंपनीचं नुकसान. म्हणून नियम असा की, एका खोलीतल्या एका प्रौढ व्यक्तीनं दारूचं पॅकेज घेतलं तर त्या खोलीतल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल अशा मोठ्या कंपन्यांचा हा नियम जाहीरच आहे. गर्भवती, औषधं चालू असलेले किंवा दारू न पिणारे यांच्यासाठी काही कंपन्या फोनवर विचारल्यास दुसऱ्या व्यक्तीला तिसऱ्या प्रकारचं, म्हणजे बिनदारूचं स्वस्त पॅकेज घेऊ देतात. पण ते विचारावं लागतं. काउंटरवर आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

दुसरा नियम असा की, हे पॅकेज सगळ्या रात्रींसाठी घ्यावं लागतं. 'आज घेतो, उद्या नको' असं चालत नाही. जहाज दिवसभर बंदराला लागलेलं असेल आणि तुम्ही शहरात फिरत असाल, तरी त्या दिवसाचे पैसे पडतातच.

आता वाईनच्या पॅकेजकडे बघा. बाटल्या मोजलेल्या असतात. त्यामुळे ती बाटली एकानं प्यायली काय, दोघांनी काय किंवा टेबलावरच्या चौघांनी काय, कंपनीला फरक पडत नाही. खोलीतल्या दुसऱ्या माणसानं वेगळं पॅकेज घ्यायची अटही साधारणपणे नसते. उरलेली बाटली वेटर खोलीचा नंबर लावून ठेवून देतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला परत आणून देतो.

म्हणजे ज्या घरात एकजण थोडं पितो आणि दुसरा जवळपास पीतच नाही, त्या घराला पहिलं पॅकेज सगळ्यात महाग पडतं. आणि आपल्याकडची बहुतेक घरं अशीच आहेत.

आकड्यांत सांगा

दर जहाजागणिक, हंगामागणिक बदलतात. म्हणून खालचे आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी घेतलेत. मामाच्या बिलाच्या आसपासचेच आहेत. डॉलर सोयीसाठी 85 रुपयांचा धरू.

पेयांच्या पॅकेजचा दर दिवसाला माणशी 70 डॉलर. त्यावर सर्व्हिस चार्ज 18 टक्के. परदेशी कंपन्यांत हा साधारण 18 ते 20 टक्के असतो आणि जाहिरातीतल्या दरात बहुतेक वेळा धरलेला नसतो. म्हणजे खरा दर झाला 82.60 डॉलर. चार रात्री, दोन माणसं: 660.80 डॉलर. रुपयांत 56,168.

आता पॅकेज न घेता सुट्टं प्यायलो असतो तर? वाईनचा ग्लास किंवा पेग 12 डॉलर धरू, सर्व्हिस चार्जसह 14.16. मॉकटेल 8 डॉलर, सर्व्हिस चार्जसह 9.44.

मी मामाला आठवून आठवून मोजायला लावलं. पहिल्या दिवशी जहाज हललं आणि त्याला मळमळायला लागलं, त्यामुळे शून्य. दुसऱ्या दिवशी दोघं दिवसभर शहरात फिरले, रात्री तीन. उरलेल्या दोन दिवसांत आठ. एकूण अकरा. मामीनं रोज एक मॉकटेल घेतलं आणि शेवटच्या रात्री एक ग्लास वाईन.

मामाचे अकरा: 155.76 डॉलर. मामीची चार मॉकटेल: 37.76 डॉलर. मामीची वाईन: 14.16 डॉलर. सगळं मिळून 207.68 डॉलर, म्हणजे 17,653 रुपये.

फरक साडेअडतीस हजारांचा. एवढ्यात दोघांची पचमढी आरामात झाली असती.

त्यावर आणखी एक छोटा काटा. परदेशी चलनातल्या खर्चावर बँका साधारण 2 ते 3.5 टक्के जादा आकारतात, वर त्या रकमेवर जीएसटी. मामाच्या बिलावर हेच दोन हजारांच्या पुढे गेलं. काउंटरवर 'रुपयांत भरायचं का?' असं विचारलं तर नाही म्हणा. तिथं रुपयांत बदलण्याचा दर सहसा बँकेपेक्षा वाईट असतो.

आणि वाईनचं पॅकेज घेतलं असतं तर?

समजा पाच बाटल्यांचं पॅकेज, बाटलीमागे 45 डॉलर. पाच बाटल्यांचे 225, सर्व्हिस चार्जसह 265.50 डॉलर, म्हणजे 22,567 रुपये.

750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास निघतात. पाच बाटल्यांचे पंचवीस ग्लास. एक ग्लास पडला 10.62 डॉलरला. सुट्टा ग्लास 14.16. स्वस्त आहे, पण कधी? बाटल्या संपल्या तर.

265.50 ला 14.16 नं भागलं की उत्तर येतं जवळपास 19. म्हणजे चार रात्रींत एकोणीस ग्लास प्यायल्याशिवाय हे पॅकेज वसूल होत नाही. दोघंही जेवताना वाईन घेणारे असतील तर रात्रीचे पाच ग्लास दोघांत मिळून, म्हणजे जवळपास एक बाटली. सवय असलेल्या जोडप्याला हे जमण्यासारखं आहे. दोन जोडपी एका टेबलावर असतील तर सहज जमतं. एकट्या माणसानं पिऊन वसूल करायचं ठरवलं तर ते काही खरं नाही.

पेयांच्या पॅकेजचा हिशोब अजून कडक आहे. 82.60 भागिले 14.16, म्हणजे जवळपास सहा. रोज, प्रत्येकानं, सहा ग्लास. मळमळीच्या दिवशीसुद्धा आणि शहर बघायच्या दिवशीसुद्धा.

सूत्र लक्षात ठेवा. पॅकेजचा दर सर्व्हिस चार्जसकट घ्या, त्याला एका ग्लासच्या सर्व्हिस चार्जसकटच्या दरानं भागा. जे उत्तर येईल तेवढं तुम्ही घरी, लग्नात, सुट्टीत कधी पिता का? स्वतःला विचारा. सुट्टीत माणूस थोडं जास्त पितो, मान्य. पण तिपटीनं पीत नाही.

वाईन म्हणजे हलकीच ना?

हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज. आपल्याकडे दुकानाचं नाव 'वाईन शॉप' असतं आणि वाईन मात्र वरच्या फळीवर धूळ खात असते. त्यामुळे तिची ताकद फारशी कुणाला माहीत नसते.

12 टक्के अल्कोहोलच्या वाईनचा 150 मिलीचा एक ग्लास घेतला, तर त्यात 18 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 30 मिलीचा छोटा पेग घेतला, तर त्यात जवळपास 13 मिली. म्हणजे वाईनचा एक ग्लास हा छोट्या पेगपेक्षा जड. वाईनची अख्खी बाटली म्हणजे असे सात छोटे पेग, 180 मिलीच्या क्वार्टरपेक्षा थोडं जास्तच.

आता वरचा 'वसूल' करायचा आकडा परत बघा. रोज सहा ग्लास वाईन म्हणजे आठ छोटे पेग. पैसे वसूल करायच्या नादात माणूस हे करतो. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय की, आरोग्याच्या दृष्टीनं दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. वाईनही त्यात आलीच.

बोट लागण्यावरच्या गोळ्या घेत असाल तर आणखी सांभाळा. यातल्या अनेक गोळ्यांनी आधीच झोप येते, त्यावर दारू घेतली की ग्लानी वाढते. हलत्या जहाजावर, ओल्या डेकवर, जिन्यात तोल जायला वेळ लागत नाही. साखरेच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

समुद्रात तर टॅक्स नसतो, मग दारू स्वस्त का नाही?

हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर कायद्यात आहे.

1962 च्या सीमाशुल्क कायद्यानुसार, जहाज परदेशी फेरीवर असेल तर त्यावरचा आयात केलेला साठा शुल्क न भरता जहाजावर वापरता येतो. पण जहाज मुंबईहून गोव्याला आणि परत, अशा देशांतर्गत फेरीवर असेल तर ही सवलत लागू होत नाही. आणि आयात वाईनवर आपल्याकडे बरीच वर्षं 150 टक्के शुल्क राहिलंय. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाल्यावर तिथल्या ठरावीक किमतीवरच्या वाईनचं शुल्क टप्प्याटप्प्यानं कमी होतंय. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे राज्यांचे कर वेगळे.

परदेशी फेरीवर कर वाचतो, हे खरं. पण वाचलेला कर तुमच्या खिशात येतो असं नाही. जहाजावर दुसरं दुकान नसतं. बाजूच्या गल्लीत जाऊन स्वस्त बघू म्हणायची सोय नसते.

घरूनच बाटली नेली तर?

प्रत्येक कंपनीचं धोरण वेगळं. काही परदेशी कंपन्या चढतानाच्या दिवशी माणशी 750 मिलीची एक वाईनची बाटली नेऊ देतात. जेवणघरात ती उघडायची तर 'कॉर्केज' म्हणून बाटलीमागे पैसे घेतात. काही कंपन्या बाहेरची कोणतीच दारू चालवत नाहीत. व्हिस्की, रम जवळपास कुठेच चालत नाही. सामान तपासताना सापडली तर काढून घेतात. पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून नेण्याच्या रीलवर विश्वास ठेवू नका. तपासणारे रोज हजारो बॅगा बघतात.

ज्यांना दोन-तीन ग्लासच घ्यायचेत, त्यांच्यासाठी ही एक बाटलीची सवलत सगळ्यात स्वस्त पर्याय आहे. नाशिकची एखादी बाटली नेली तर जहाजावरच्या दोन ग्लासच्या पैशांत पाच ग्लास होतात.

वयाचं आणि परवान्याचं काय?

महाराष्ट्रात वाईन आणि सौम्य बिअरसाठी वय 21 लागतं, व्हिस्की-रमसाठी 25. दारू पिण्यासाठी परवानाही लागतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. गोव्यात वय 18. सिंगापूरमध्येही 18. जहाजावर कंपनीचा नियम चालतो आणि तो निघायच्या बंदरानुसार बदलतो. त्यामुळे 22 वर्षांच्या मुलाला बरोबर नेत असाल आणि तो त्याच खोलीत असेल, तर पॅकेजच्या नियमात तो 'प्रौढ' धरला जातो का, हे आधी विचारा. नाहीतर तिसऱ्या माणसाचेही पैसे लागायचे.

लक्षद्वीपची फेरी असेल तर तिथं बंगारम बेट सोडून दारूबंदी आहे.

येतानाचंही बघा. परदेशातून येताना माणशी 2 लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. गोव्यातून महाराष्ट्रात बाटली आणणं मात्र वेगळं प्रकरण आहे. परवान्याशिवाय आणली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि नागपूरकरांनो, मुंबईहून घरी येताना, रेल्वेनं या की समृद्धीनं, वाटेत वर्धा जिल्हा लागतो. तो दारूबंदीचा जिल्हा आहे.

आपल्या राज्याचं वाईनशी नातं तसं गमतीचं आहे. 2001 मध्ये सरकारनं वाईन उद्योगासाठी खास धोरण आणलं, त्यातून नाशिक उभं राहिलं. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा एवढा विरोध झाला की तो निर्णय अंमलात आलाच नाही. ज्या घरांत वाईन हा शब्द अजून हळू आवाजात उच्चारतात, तीच घरं आता क्रूझवर जाताहेत. मग काउंटरवर चार प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, यात नवल काय?

मग कुणी काय घ्यावं?

एकजण थोडं पितो, दुसरा पीत नाही: कोणतंच पॅकेज नको. सुट्टं घ्या.

दोघंही जेवताना वाईन घेतात, बाकी काही नाही: लहानात लहान वाईनचं पॅकेज बघा आणि ते दोघांत संपेल का, याचा हिशोब करा.

दोन-तीन कुटुंबं एकत्र: वाईनचं पॅकेज एकाच्या नावावर, वर्गणी काढून. पेयांचं पॅकेज असं वाटून घेता येत नाही. वाटताना सापडलात तर ते रद्द होऊ शकतं.

रोज सहा-सात पेयं, कॉफी आणि कॉकटेल धरून, खरंच होतात: तरच दिवसाचं पॅकेज. तेही निघण्याआधी ऑनलाइन बघा. जहाजावर चढल्यावर दर बहुतेक वेळा जास्त असतो.

मुलं आणि न पिणारे: बिनदारूच्या पॅकेजचा हिशोबही याच सूत्रानं करा. दिवसाला एक मॉकटेल आणि एक कॉफी यासाठी ते परवडत नाही.

आणि पैसे भरण्याआधी एजंटला किंवा कंपनीला हे पाच प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर विचारले तरी चालतील:

1. तिकिटात पिण्याचं नेमकं काय काय आहे?
2. पॅकेजच्या दरात सर्व्हिस चार्ज धरलाय का?
3. खोलीतल्या सगळ्यांनी घ्यावं लागतं का? न पिणाऱ्यासाठी दुसरी सोय आहे का?
4. घेतलेलं पॅकेज किती वेळात रद्द करता येतं?
5. शेवटच्या रात्री वाईनच्या बाटल्या उरल्या तर त्यांचं काय?

हा लेख लिहायच्या आधी मी सगळा हिशोब कागदावर मांडून मामाला दाखवला. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचला. मग मामीकडे बघून म्हणाला, "पुढच्या वेळी तूच बोल त्या काउंटरवर."

मामी म्हणाली, "मी तर तेव्हाही बोलत होते. तुम्ही म्हणालात, पंचवीस वर्षांत एकदा येतो, गप्प बस."

आणि मग जरा थांबून म्हणाली, "पण ती वाईन चांगली होती हं. एक ग्लास अजून घेतला असता."